नागपुरातून परदेशी न्यायची घुंगरं: गोफातली माळ, चामडी पट्टा आणि वेल्क्रो

न्यू जर्सीतली भाची कथक शिकत असते, लेस्टरमधला पुतण्या भरतनाट्यमच्या परीक्षेला बसणार असतो आणि सुट्टीत नागपूरला आलेल्या त्यांच्या आईवडिलांच्या यादीत लोणची, पापड, संत्रा बर्फी यांच्या खाली एक ओळ असते: घुंगरू. बर्डीच्या बाजारात जाऊन दहा मिनिटांत उरकेल असं वाटतं, म्हणून ही खरेदी निघायच्या आदल्या संध्याकाळवर जाते. मग दुकानात समोर जे टांगलेलं दिसतं ते उचललं जातं, आणि तिकडे पहिल्याच तासाला गुरू म्हणतात, हे काढून ठेव, जुनंच बांध.

आपल्या बाजारात घुंगरं तीन रूपांत मिळतात: दोरीत ओवलेली माळ, चामडी पट्टा आणि कापडी वेल्क्रोपट्टी. तिन्हींबद्दल इथे लिहिलं आहे, पण गिऱ्हाईक एकच धरलं आहे. ते हा माल सातासमुद्रापार नेणार, तिथे कोपऱ्यावर मोची नाही, दुकानदाराला बदलून मागता येत नाही आणि पायाखाली फरशीऐवजी लाकूड आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. कथकसाठी तयार माळ घेऊच नये. सुटी ओतीव घुंगरं निवडून घ्यावीत आणि सुती गोफात, म्हणजे विणलेल्या दोरीत, ओवावीत. भरतनाट्यमसाठी तीन ओळींचा चामडी पट्टा ठीक आहे, मात्र इथल्या मोच्याकडून एक फेरी दुरुस्ती करूनच तो बॅगेत टाकावा. वेल्क्रो मंडळाच्या स्नेहसंमेलनापुरतं.

बाजार

घुंगरं मिळण्याची ठिकाणं तीन. बर्डीतली वाद्यांची दुकानं, इतवारीतली पितळेच्या भांड्यांची आणि पूजासाहित्याची दुकानं, आणि शहरभर विखुरलेली नृत्याचे पोशाख भाड्याने देणारी दुकानं. शेवटच्या प्रकारात विकत घ्यायला जाऊ नये. तिथे ठेवलेला माल स्नेहसंमेलनात चार तास वाजावा एवढ्याच हिशेबाचा असतो. वाद्यांच्या दुकानात तयार माळ आणि पट्टे जास्त. सुटी घुंगरं हवी असतील तर इतवारी बरी, कारण तिथे पितळ वजनावर विकायची सवय आहे आणि पोतं पुढ्यात ओतून "निवडा" म्हणणारा दुकानदार भेटू शकतो.

एक सापळा मात्र खास आपल्याकडचा. सुट्टीवर आलेली मंडळी जुलै-ऑगस्टमध्ये बाजारात जातात आणि नेमका तेव्हाच पोळ्याचा माल भरलेला असतो. बैलांच्या घुंगरमाळांसाठी आलेली घुंगरं आकाराने मोठी, जाड काठाची, खर्जात वाजणारी असतात. दिसायला भरघोस, भावही बरा, म्हणून अनेकजण तीच उचलतात. बैलाच्या गळ्यात ती शोभतात. पायात बांधली तर जड पडतात आणि दुगुनीतच, म्हणजे दुप्पट लयीतच, गोंगाट करतात. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीसाठी येणारी बारीक घुंगरं याच्या उलट: पत्र्याची, किणकिणणारी, नाचाला निरुपयोगी. दुकानदाराला "घुंगरू द्या" असं मोघम सांगू नका. "भाऊ, नाचाचं, ओतीव, सुटं" हे तिन्ही शब्द लागतात.

एका घुंगराची परीक्षा

चांगलं घुंगरू ओतीव असतं. उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यातलं जलेसर हे या ओतकामाचं मोठं केंद्र. वाळू-मातीचा गाभा करतात, त्याच्या पोटात लोखंडी गोळी आधीच दडवलेली असते, भोवती पितळेचा रस ओततात, थंड झाल्यावर चिरा पाडून गाभा फोडून बाहेर काढतात आणि गोळी आत मोकळी होते. ही रीत माहीत असली की निम्मे दोष कुठून येतात ते लगेच कळतं. गाभ्याची माती पूर्ण निघाली नसेल तर गोळी मातीवर आपटते आणि आवाज बद्द येतो. नवं घुंगरू पांढऱ्या कागदावर जोरात हलवून पाहा. किंचित धूळ पडली तर चालेल. चिमूटभर वाळू पडली तर एक जाड सुई चिरेतून आत फिरवून पुन्हा हलवा. आवाज उघडला तर ठेवा, नाही उघडला तर परत करा.

दुसरा प्रकार पत्र्याचा. दोन वाट्या दाबून कंबरेशी जोडलेल्या असतात आणि बोट फिरवलं की तो सांधा लागतो. नवं असताना तेही छान वाजतं, पण रोजच्या तत्कारात, म्हणजे पायाच्या ठोक्यांच्या सरावात, सांधा सुटायला लागतो आणि एकदा सुटला की प्रत्येक ठोक्याला खरखर ऐकू येते. भाव कमी असण्याचं कारण हेच.

तिसरा प्रकार फसवणुकीचा: लोखंडावर पितळेचा मुलामा. इथे लोक लोहचुंबक काढतात आणि हमखास गोंधळतात, कारण अस्सल पितळी घुंगरालाही आतल्या लोखंडी गोळीमुळे चुंबक ओढतो. फरक असा पाहावा. चुंबक अंगाला लावला की पितळी घुंगरात गोळी आतून "टक" करून त्या बाजूला येऊन चिकटते, ओढ हलकी असते आणि चुंबक चिरेपाशी नेला की गोळी मागोमाग घरंगळते. मुलाम्याच्या घुंगराला चुंबक कुठेही लावा, अख्खं घुंगरू उचललं जातं. खात्री हवी असेल तर वरच्या कडीच्या, म्हणजे कानाच्या, आतल्या बाजूला चुंबक टेकवा. तिथपर्यंत गोळी पोचत नाही. कानाला चुंबक धरला की लोखंड. त्याच जागी कानशीचा एक हात मारला तरी कळतं. पितळ आतपर्यंत पिवळं, मुलामा खरवडला की राखाडी.

मग कान, म्हणजे आपला कान. घुंगरू कडीला धरून कानाजवळ तीन-चारदा हलवायचं. मोबाइलवरच्या सूर जुळवायच्या ॲपवर भिस्त ठेवू नका. घुंगराच्या आवाजात इतके वेगवेगळे स्वर मिसळलेले असतात की काटा एका जागी थांबत नाही. त्यापेक्षा एक आवडलेलं घुंगरू डाव्या हातात नमुना म्हणून ठेवा आणि उजव्या हाताने एकेक त्याच्याशी ताडत चला. सगळी तंतोतंत एका सुरात मिळणार नाहीत, मिळायची गरजही नाही. फार उंच आणि फार खर्जातली बाजूला काढा, मधली ठेवा. आवाज किती वेळ रेंगाळतो हेही ऐका. काशाचं घुंगरू जास्त वेळ घुमतं; दुकानात ते मोहक वाटतं, पण चौगुनीत मागच्या ठोक्याची घुमक पुढच्या ठोक्यात मिसळते आणि बोल पुसट होतात. कथकसाठी पितळेचा आखूड, कोरडा आवाज उजवा. अभिनयप्रधान नाचात घुमणारं घुंगरू चालून जातं.

भाव दोन पद्धतींनी लावतात, वजनावर किंवा नगावर. वजनावर घेतलं तर जाड काठाचा माल गळ्यात पडतो, नगावर घेतलं तर पातळ. त्यामुळे आधी दहा घुंगरं तराजूत टाकायला सांगा. दहांचं वजन ११० ग्रॅम भरलं तर शंभरांची माळ १ किलो १०० ग्रॅम, म्हणजे जोडी सव्वादोन किलोच्या आसपास. हा आकडा पायाला पेलणार आहे का आणि बॅगेत बसणार आहे का, हे दोन्ही तिथेच ठरवता येतं. शंभर-शंभरची जोडी हवी असेल तर २०० वर थांबू नका. २२५ ते २३० घ्या. निवडीत काही गळतात, काही ओवताना गळतात आणि उरलेली पुढे कामाला येतात. निवडून घेतो म्हणून नगामागे थोडे जास्त पैसे मागितले तर द्यावेत, तो सौदा महाग नाही.

कितीची माळ

परंपरेने आकडे १००, १०१, १०८, १५० असे सांगितले जातात आणि परदेशातल्या पालकांना वाटतं की १०० पेक्षा कमी म्हणजे काहीतरी उणं. सुरुवातीच्या मुलांना एका पायात २५ ते ५० पुरेत. पुढचा टप्पा वयावर ठरवू नये. घुंगराशिवाय तीनतालाच्या १६ मात्रांचा तत्कार दुगुनीत स्वच्छ ऐकू येतो का, हे पाहावं. उघड्या पायांचा ठोका पुसट असेल तर शंभर घुंगरं तो झाकतात, सुधारत नाहीत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणारी इथली मुलं असोत की इंग्लंडमध्ये इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंगच्या अभ्यासक्रमाने शिकणारी, परीक्षकाला ऐकू यायला हवा तो पाय.

तिकडे संख्या ठरवण्यात जमिनीचा मोठा वाटा असतो. नागपुरात सराव कोटा फरशीवर, मार्बलवर किंवा टाइल्सवर होतो. जमीन ठोका गिळते आणि ऐकू येतात ती मुख्यतः घुंगरं. तिकडच्या नृत्यशाळांत लाकडी जमीन असते, खाली पोकळी किंवा रबराचे ठोकळे, वर बऱ्याचदा व्हिनाइलची चटई. गुडघ्यांना आणि नडगीला ती कितीतरी बरी. पण अशा जमिनीवर तळपाय डग्ग्यासारखा वाजतो. तिथे इथल्या हिशेबाने दीडशे बांधली तर पायाचा नाद आणि घुंगरांचा नाद एकमेकांवर चढतात. रंगमंचावर पायाजवळ मायक्रोफोन ठेवले असतील तर आणखीच. लाकडावर नाचणाऱ्याला १०० पुरतात, नवख्याला ५०.

लाकूड आणि घुंगरू यांचं नातं किती नेमकं असू शकतं हे चित्रेश दासांच्या नाचात दिसायचं. कॅलिफोर्नियात १९८० मध्ये छंदम ही शाळा काढणारे हे कथकगुरू पुढे टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांच्यासोबत एकाच मंचावर उतरले. एकाच्या बुटाला धातूच्या पट्ट्या, दुसऱ्याच्या अनवाणी पायात घुंगरं. त्या जुगलबंदीची चित्रणं पाहताना डोळे मिटून ऐका. घुंगरं कमी-जास्त करण्याचा निर्णय कानाने कसा घ्यायचा ते कळतं.

फ्लॅटमधल्या सरावाचा प्रश्न वेगळा. लाकडी सांगाड्याच्या अमेरिकन घरांत वरच्या मजल्यावर नाचलं की खालच्याला घुंगरांपेक्षा ठोका जास्त त्रास देतो. घुंगरं काढून तो प्रश्न सुटत नाही. २५ ची एक छोटी जोडी सरावाला वेगळी ठेवणं हा त्यातल्या त्यात व्यवहारी मार्ग. मोठी माळ सोडून पुन्हा ओवण्यापेक्षा हे स्वस्तात पडतं.

ओवणं

तयार माळा का नकोत? बहुतेक तयार माळा नायलॉनच्या किंवा मिश्र धाग्याच्या दोरीत ओवलेल्या असतात आणि दर पाच-सहा घुंगरांनंतर एकच गाठ असते. नायलॉनची गाठ घसरते, घुंगरं एका बाजूला गोळा होतात आणि मधे मोकळी दोरी पोटरीला काचते. शिवाय एक गाठ सुटली की सहा घुंगरं एकदम मंचावर. अनवाणी नर्तकाच्या पायाखाली सुटं घुंगरू येणं म्हणजे घोटा मुरगळण्याची हमी, आणि व्हिनाइलची चटई फाटली तर सभागृहवाले अनामत परत करत नाहीत. म्हणून प्रत्येक घुंगरामागे एक गाठ, याला पर्याय नाही.

लागेल ते असं: सुमारे ४ मिलिमीटरचा विणलेला सुती गोफ, पांढरा. लाल-काळा गोफ छान दिसतो पण घामाने रंग सोडतो आणि तो डाग पोशाखाच्या रेशमावरून जात नाही. सुतळी नको, ती त्वचा सोलते. गोफ कडीतून सहज सरकता कामा नये. ओढून घ्यावा लागेल इतका जाड हवा. लांबीचा हिशेब असा: दोन सेंटीमीटरला एक घुंगरू धरलं तर शंभरांची माळ दोन मीटर भरते. गाठींसकट त्याच्या तिप्पट गोफ लागतो, म्हणजे सहा मीटर. दोन्ही टोकांना बांधायला ६०-६० सेंटीमीटर. एका पायाला साडेसात मीटर, जोडीला पंधरा. मधे जोड देता येत नाही, तेव्हा साडेसात मीटरचे दोन सलग तुकडे कापून घ्या.

ओवण्याआधी गोफ रात्रभर पाण्यात भिजवा, पिळून, न ताणता वाळवा. सुती गोफ पहिल्या घामात आकसतो आणि त्याने माळ आखडते. ते आकसणं आधीच उरकून घ्यायचं. दुसरी तयारी कानशीची. ओतीव घुंगराच्या कडीच्या आत बऱ्याचदा धार राहिलेली असते. माळ तुटते ती बहुतेक याच धारेने, ओझ्याने क्वचितच. प्रत्येक कडीत बारीक गोल कानस दोन-तीन वेळा फिरवा. २०० घुंगरांना हे काम एक संध्याकाळ खातं आणि कंटाळवाणं आहे, पण माळेचं आयुष्य याच्यावरच अवलंबून आहे.

मग गोफाचं एक टोक दाराच्या कडीला अडकवा. पहिलं ६० सेंटीमीटर सोडून गाठ. घुंगरू ओवा, गाठीला भिडवा, त्याच्या लगेच मागे निरगाठ मारा आणि ती नखाने घुंगराकडे सरकवत आवळा. सरगाठ चालणार नाही. पुढचं घुंगरू गोफाच्या दुसऱ्या बाजूला पडेल असं ओवा, म्हणजे माळ गुंडाळल्यावर दोन्ही बाजूंना सारखी भरते. दर दहा घुंगरांनी पट्टीने मोजा. हात दमला की गाठी सैल पडतात आणि अंतर वाढत जातं. घुंगरं ओवण्याआधीच चढ्या आणि उतरत्या आवाजाचे दोन ढीग करून दोन्ही पायांत सारखी वाटा, नाहीतर डावा पाय एक बोलतो आणि उजवा दुसरंच.

वेढे किती बसतील याचा हिशेब आधी करता येतो. माळेची लांबी भागिले पायाचा घेर. घेर घोट्याच्या हाडाच्या चार बोटं वर मोजायचा, पायमोजा घालून. घेर २४ सेंटीमीटर आणि माळ २०० सेंटीमीटर तर आठ वेढे. दहा वर्षांच्या मुलीचा घेर १८, माळ लहान घुंगरांची ५० ची, म्हणजे ९० सेंटीमीटर: पाच वेढे. आठ-नऊच्या वर वेढे गेले की माळ पोटरीच्या फुगीर भागावर चढते आणि नाचताना खाली घसरते. संख्या तिथेच थांबवावी.

बांधताना खाली सुती पट्टी किंवा बिनशिवणीचा मोजा. पहिला वेढा घोट्याच्या हाडाच्या वर, हाडावर कधीच नाही. मोकळं टोक पहिल्या वेढ्याखाली दाबून, वर वर चढत, प्रत्येक वेढा खालच्याला टेकवत. दोन्ही टोकं शेवटी बाहेरच्या बाजूला बांधून वेढ्यांत खोचायची. बोट आत शिरत नसेल तर फार घट्ट. पाय उचलून झटकल्यावर माळ हलली तर सैल.

या रूपाचा एक फायदा पट्ट्याला कधीच मिळणार नाही. माळ उलगडते. लंडनमध्ये वाढलेल्या, प्रताप पवारांकडे कथक शिकलेल्या अक्रम खान यांनी २०१८ च्या 'झेनॉस'मध्ये पायातल्या घुंगरांच्या माळा सोडून त्यांनाच बेड्यांचं रूप दिलं. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायाची ती गोष्ट आहे आणि पायात बक्कलचे पट्टे असते तर ते दृश्य घडलंच नसतं.

चामडी पट्टा

भरतनाट्यमला पट्टाच सोयीचा. चामड्यावर घुंगरांच्या ओळी, मागे दोन किंवा तीन बक्कल. बाजारात तीन, चार, पाच ओळींचे मिळतात. मुलांना तीन ओळी घ्या. पाच ओळींचा पट्टा लहान पायावर अर्धी पोटरी झाकतो आणि अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसताना, वरची कड मांसात रुतते.

दुकानात बहुतेक लोक वाजवून पाहतात आणि उलटून पाहायला विसरतात. खरा माल मागच्या बाजूला कळतो. घुंगरं चामड्याला एकाच सलग दोऱ्याने शिवलेली असतील तर एक टाका तुटला की ओळ उसवत जाते. प्रत्येक घुंगरू वेगळं बांधून मागे गाठ घेतलेली असेल तर तो पट्टा टिकतो. मागे मऊ अस्तर आहे का पाहा. नसेल तर गाठी कातडीला घासून फोड येतात. चामडं वाकवून पाहा: भेगा पडल्यासारखा वरचा थर सुटला तर ते रेक्झिन आहे, चामडं नाही. रेक्झिन आपल्या मे महिन्याच्या उन्हात चिकट होतं आणि घाम शोषत नाही.

एवढं सगळं पाहूनही पट्टा जसाच्या तसा नेऊ नये, असं आमचं ठाम मत. रस्त्यावरच्या चांगल्या मोच्याकडे बसून तीन कामं करून घ्या. सलग शिवणीच्या प्रत्येक ओळीला मेण लावलेल्या जाड दोऱ्याने दुसरी शिवण. बक्कलच्या पट्ट्याला एकेक सेंटीमीटरवर जास्तीची भोकं, म्हणजे पाय वाढला तरी दोन वर्षं निघतील. बक्कलची जीभ आत टोचत असेल तिथे चामड्याचा एक तुकडा. तासाभराचं काम. परदेशात हेच काम कोण करतं ते शोधण्यात एक महिना जातो, आणि तोवर सलंगै पूजेची, म्हणजे पहिल्यांदा घुंगरं बांधण्याच्या विधीची, तारीख येऊन ठेपते.

पट्ट्याचा कमकुवतपणा म्हणजे ओल आणि कोरडेपणा दोन्ही त्याला मानवत नाहीत. आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते, तिकडे हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरात तो कडक होऊन चिरतो. नाचून झाल्यावर पिशवीत कोंबू नका. रात्रभर उघड्यावर, हीटरपासून लांब. वर्षातून दोनदा मागच्या बाजूला चामड्याचं क्रीम. खोबरेल तेल नको, ते मळ धरतं आणि पोशाखाला लागतं.

वेल्क्रो आणि लावणीचे चाळ

मखमलीच्या पट्टीवर घुंगरं आणि मागे वेल्क्रो: शास्त्रीय शिक्षणाला ही पट्टी देऊ नये, कारण ठोक्यागणिक ती थोडी थोडी सरकत राहते आणि घामाने वेल्क्रोची पकड सुटते. तिची जागा दुसरी आहे. १९३२ पासूनच्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळापासून उत्तर अमेरिकेच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांपर्यंत जिथे जिथे मराठी माणूस जमतो तिथे वीस मुलींचा समूहनाच असतो आणि दोन नाचांच्या मधे पोशाख बदलायला तीन मिनिटं मिळतात. तिथे वेल्क्रोच जिंकतं. कडेला दोन टाके घालून नाडी जोडून घेतली तर पट्टी सुटून पडायची भीतीही जाते. मुलाम्याची घुंगरं इथे चालतात, ऐकणारं कोणी नसतं, गाणं स्पीकरवर असतं.

लावणीसाठी मात्र वेल्क्रो दिसायलाही केविलवाणं. तिथे घुंगराला गाण्याइतकंच काम आहे, ढोलकीच्या तोड्यांना पायाने उत्तर द्यायचं असतं. कथकची माळच वापरा, घुंगरं थोडी मोठी आणि वेढे जास्त. नऊवारीचा काठ वेढ्यांत अडकून फाटतो, म्हणून सर्वांत वरच्या वेढ्यावर एक रुंद कापडी पट्टी बांधावी.

बॅग, सीमाशुल्क आणि निगा

घुंगरं हातातल्या सामानात नेऊ नका. क्ष-किरणात तो धातूचा एक घट्ट गोळा दिसतो, बॅग उघडली जाते आणि सात किलोच्या मर्यादेतले दोन किलो फुकट जातात. मुंबई किंवा दिल्लीपर्यंतचं तिकीट वेगळं काढलं असेल तर देशांतर्गत प्रवासात साधारण १५ किलोच मिळतात, हे लोणच्याच्या बरण्या मोजण्याआधी लक्षात ठेवा. प्रत्येक माळ गुंडाळून जुन्या सुती पंचात घट्ट बांधा, म्हणजे प्रवासभर गोळ्या आपटत नाहीत. प्लास्टिकची पिशवी पावसाळ्यात टाळा. आत ओल राहिली की लोखंडी गोळ्या गंजतात आणि तिकडे पोचेपर्यंत आवाज खरखरीत होतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी चामडी पट्टा अर्जावर प्राणिजन्य वस्तू म्हणून सरळ जाहीर करावा. स्वच्छ, कमावलेल्या चामड्याची अडचण सहसा होत नाही, पण घुंगरांच्या पोटातली ओतकामाची माती आधीच झटकून काढलेली बरी, कारण मातीबाबत ते अधिकारी फार काटेकोर असतात.

पितळ काळवंडलं की आपला पहिला हात चिंचेकडे किंवा पितांबरीकडे जातो. घुंगराला दोन्ही नकोत. पाणी आणि आंबटपणा चिरेतून आत शिरतो, गोळी गंजते, गोफ हिरवा पडतो. कोरड्या फडक्याने पुसणं पुरे. फारच कळकट झालं तर फडक्यावर थेंबभर पातळ यंत्रतेल घेऊन बाहेरून पुसून लगेच कोरडं करा. चकाकी आवाजात भर घालत नाही. गोफ मळला तर माळ धुवायची नाही. घुंगरं उतरवून नव्या गोफात ओवायची; रोज सराव असेल तर दीड-दोन वर्षांत ही वेळ येतेच. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रत्येक गाठ दोन बोटांत धरून ओढून पाहा, आणि कडीपाशी गोफ तंतू सोडताना दिसला तर तेवढ्यापुरतं काळा दोरा गुंडाळून वेळ मारून न्या.

बॅगेच्या कोपऱ्यात एक छोटी थैली जाऊ द्या: निवडीतून उरलेली बारा-पंधरा घुंगरं, साडेसात मीटरचा आधीच आकसवलेला एक जास्तीचा गोफ, बारीक गोल कानस. गोफाचं टोक मेणबत्तीवर धरू नका, सुती आहे, जळून जाईल. टोकाला फेव्हिकॉल चोळून, पीळ देऊन रात्रभर वाळवलं की ते सुईइतकं कडक होतं आणि कडीतून सरळ जातं.